कातडीच्या डॉक्टरसाठी मालवणला

मुंबईतली माणसं हवा पालटायला कोकणात जातात, कुणी नवस फेडायला जातात, कुणी नुसते मासे खायला. मी गेले ती डॉक्टर शोधायला. हे ऐकून आमच्या खोलीच्या शेजारणी अजून हसतात. सगळा मुलूख दुखणी घेऊन मुंबईला येतो आणि ही बाई मुंबई सोडून रत्नागिरी जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला गेली! त्यांचं हसणं रास्त आहे. पण गेले नसते तर मला रापण ओढायला मिळाली नसती, आणि आणखीही बरंच काही मिळालं नसतं.

आधी कारण सांगते. मी बिस्किटांच्या कारखान्यात पट्ट्यावर काम करते. बिस्किटं सरकत येतात, आम्ही बायका ती उचलून पुड्यात भरतो. माझ्या उजव्या मनगटावर एक लालसर जाड डाग उठला आणि पसरायला लागला. कारखान्याच्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं आणि मला घरी बसवलं. कातडीच्या सरकारी डॉक्टरची चिठ्ठी आणा, मगच खाण्याच्या वस्तूला हात लावा, असा हुकूम. कामगार विम्याचं कार्ड होतं, पण विम्याच्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांची पाळी पुढच्या महिन्याची मिळाली. तोवर जागा राखून ठेवणार नाही, असं कारखान्यानं सांगितलं. माझ्या पगारावर साताऱ्याकडे आई आणि शिकणारा भाऊ. मी लिंबू लावलं, सोडा लावला, शेजारणी सांगतील ते लेप लावले. डाग काही हटेना. मी उजवा हात पदराखाली लपवून हिंडायला लागले.

माझ्याच खोलीत राहणारी आणि माझ्याच शेजारी पट्ट्यावर उभी राहणारी कुसुम मालवणजवळच्या देवबागची. ती म्हणाली, "आमच्याकडे चल. एक सरकारी डॉक्टर येतात कातडीचे. त्यांची चिठ्ठी चालेल, आणि विम्याचं कार्डही घेतात." कार्डाचं तिनं कशाच्या आधारावर सांगितलं ते तिचं तिलाच माहीत. पण बुडत्याला तेवढं पुरलं.

बोट आणि पडाव

आगबोटीचा प्रवास मला बाधला, त्याबद्दल लिहीत नाही. सांगायचं ते मालवणला उतरण्याचं. तिथे बोट धक्क्याला लागत नाही. समुद्रातच थांबते आणि पडाव नावाच्या मोठ्या होड्या तिला येऊन भिडतात. त्या लाटेबरोबर वर येतात, खाली जातात, आणि त्या वर आल्या की आपण उडी घ्यायची. आम्ही घाटावरची माणसं. पाणी म्हणजे विहिरीतलं किंवा कृष्णेतलं, तेही काठावरून पाहायचं.

"बाय, उडी मार!" पडावावरचा नावाडी हात पुढे करून ओरडला. "लाट तुझी वाट बघूची नाय!"

त्यानं मागितला उजवा हात. मी दिला डावा. उजवा पदराखाली होता आणि तो कुणाला द्यायचा नाही ही सवय इतकी अंगात मुरली होती की जीव जायची पाळी आली तरी तो बाहेर निघेना. व्हायचं तेच झालं. पाय निसटला, मी कमरेपर्यंत पाण्यात गेले, आणि त्या माणसानं मला दंडाला धरून कोंबडीसारखी वर ओढली. कुसुम हसत सुटली. मीही हसले, पण हसताना पहिल्यांदा पाहिलं ते डागाच्या हाताला कुणाचा स्पर्श झाला का.

देवबाग

मालवणहून देवबागला वाळूतून चालत जायचं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे नारळांखाली माणसांची वस्ती. वाळूत वहाणा घालून चालणं म्हणजे स्वतःच्या पाठीवर वाळू उडवणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कुसुम माझ्याशी मुंबईची मराठी बोलते. उंबऱ्यात पाय पडताच तिची भाषाच पालटली. "आये, इलंव गो!"

तिची आई बाहेर आली. उंच, काटक बाई, नऊवारी गुडघ्याशी खोचलेली. "इलंस गो बाय? बस. दमलंस असशीत," असं मला म्हणाली आणि पाय धुवायला पाणी दिलं. मी पाय धुताना पदर सरकला. कुसुमच्या आईनं, म्हणजे काकींनी, माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि लगेच नारळाच्या झाडाकडे पाहिलं.

मग सुरू झाला पाहुणचार! सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. दुपारी ओल्या काजूगरांची उसळ, तांबड्या भाताचा डोंगर, वर सोलकढी. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं खाताना मी ते तिरफळही चावलं. ते फक्त वासाला असतं, काढून टाकायचं. माझी जीभ अशी बधिर झाली की बराच वेळ मला बोलता येईना, आणि मला गप्प बसलेली पाहून कुसुमला फार आनंद झाला.

पण काकी मला कशाला हात म्हणून लावू देत नव्हत्या. मी चुलीपाशी गेले की, "तू बस गो. पावण्यांनी काम करूचा नसता." खवणी पुढे ओढली की, "रवांदे, रवांदे." माझं ताट, तांब्या वेगळे काढलेले. आमच्याकडे पाहुणी आली की दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे भाजी निवडायला टाकतात. मला वाटलं, कोकणात पाहुण्याची बडदास्त फार. सुखावलेच मी. कारखान्यात उभं राहून राहून पोटऱ्या भरून येतात, इथे कुणी पाणीसुद्धा ओढू देत नाही.

एकदा सकाळी सगळा गाव किनाऱ्यावर लोटला. रापण लागली होती. रापण म्हणजे हे भलंमोठं जाळं. होडीनं ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. कुसुमनं मला तिथली रीत सांगितली. दोराला जो हात लावील त्याला वाटा. तो रापणकराच्या घरचा असो की वाटेनं जाणारा असो, दोर ओढला की मासळीत त्याचा हक्क. आमच्याकडे सुगीला खळ्यावर आलेल्याला पसाभर धान्य घालतात, पण तो धर्म. इथे हक्क! मला ते फारच आवडलं. मी पदर खोचून पुढे झाले.

"तुका नको गो," काकी घाईनं आडव्या आल्या. "हात सोलवटतले तुझे. तू बघ हुबी रवान."

मी उभी राहून पाहिलं. म्हाताऱ्या ओढत होत्या, शाळा बुडवलेली पोरं ओढत होती, एक पोस्टमन पिशवी वाळूत ठेवून ओढत होता. आणि काकी माझ्यापासून नजर चुकवत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताट वेगळं का, तांब्या वेगळा का, खवणीला हात का नाही. ती बडदास्त नव्हतीच. मला इतकं वाईट वाटलं की मी घरी न जाता खाडीच्या बाजूला जाऊन बसले. पोटभर जेवू घालणाऱ्या माणसावर रागावणं फार अवघड असतं.

मालवण

ते डॉक्टर नेमके कुठे बसतात हे कुसुमलाही ठाऊक नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही विचारत विचारत मालवणच्या बाजारात गेलो. पहिले डॉक्टर खाजगी. पांढरं धोतर, काळा कोट, दारात पेशंटांनी आणलेली केळी. त्यांनी माझं विम्याचं कार्ड पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि उजेडात धरून पाहिलं.

"हे मुंबईचं," ते म्हणाले. "इथे कारखाना नाही, तर कामगार विमा कुठून येणार? आमच्याकडे विमा एकच, देवाला नारळ."

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी हातही नीट पाहिला. "माझ्याकडे ताप, खोकला आणि विंचू," ते म्हणाले. "यासाठी तुम्हाला कातडीचे डॉक्टर हवेत. ते सरकारीच आहेत, त्यांची सही विम्यालाही चालेल." मग आवाज बारीक करून त्यांनी कुडाळच्या वाटेवरच्या एका गावाचं नाव सांगितलं. "बाजाराच्या दिवशी बसतात."

"गावात कुठे?"

"कुणीही सांगेल," ते म्हणाले.

कुणीही सांगेना! त्या गावचा एक भुसारी मालवणात होता, त्याला विचारलं. "कातडेचो डॉक्टर? माका म्हायत नाय," असं म्हणून तो तांदूळ पाखडायला लागला. एसटीच्या थांब्यावर त्याच गावाची एक म्हातारी भेटली. तिनं आपलं गाठोडं माझ्यापासून दूर सरकवलं.

मी कुसुमकडे पाहिलं. ती चपलेनं माती उकरत होती.

"कुसुम, ते डॉक्टर नक्की कशाचे आहेत?"

"कातडीचेच," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "महारोगाचे. पण कातडीचं सगळंच बघतात. आधी सांगितलं असतं तर तू बोटीत चढली असतीस?"

नसतेच चढले. मी तिथे थांब्यावर, भर बाजारात रडले. महारोग हा शब्द मी मुंबईपासून मनातसुद्धा उच्चारला नव्हता. कारखान्याच्या डॉक्टरांनीही नव्हता उच्चारला, पण लांबून पाहिलं होतं ते त्यापायीच. कुसुमनं माझा तोच हात, डागाचा, घट्ट धरून ठेवला. ती खोटं बोलली होती खरी. पण माझ्याच ताटात जेवली असती अशी ती एकटी होती, आणि आईचं ऐकून ती माझ्यापासून एकदाही लांब बसली नव्हती.

बाजाराच्या दिवशी

एसटीच्या कंडक्टरनं गावाचं नाव ऐकून तिकिटं फाडली. गाव मागे पडलं, मी उठायला लागले तर हातानं बसा म्हणाला. पुढे एका फणसाच्या झाडाखाली कुणी न सांगता त्यानं गाडी थांबवली. "हडे उतरा," तो बाहेर बघत म्हणाला. "सगळी हडेच उतरतत."

खरंच बरीच माणसं उतरली. सगळ्यांच्या हातात बाजाराच्या पिशव्या. उतरताच जो तो वेगळा झाला, कुणी पुढे, कुणी मागे रेंगाळत, जणू कुणाचा कुणाशी संबंध नाही. आणि सगळे एकाच पायवाटेनं, काजूंच्या झाडांतून, एकाच कौलारू पडवीकडे!

पडवीत मी बसले ती नेमकी बसमध्ये माझ्याशेजारी बसलेल्या बाईजवळ. सबंध वाटभर तिनं मला आपल्या म्हशीची हकिगत सांगितली होती. मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, तुम्ही इथेच यायच्या होतात का? मग बोलला नाहीत!" बाई भिंतीकडे तोंड करून बसली. कुसुमनं मला असा चिमटा काढला की तो डागापेक्षा जास्त दिवस टिकला. इथली रीतच तशी. पडवीत कुणी कुणाला ओळखायचं नाही. सख्खे शेजारी असले तरी परके होऊन बसायचं आणि बाहेर गेल्यावर बाजारात भेटल्यासारखं भेटायचं. आधी मला हे ढोंग वाटलं. मग लक्षात आलं, तोंडावरून पदर घेतात तसाच हा सगळ्यांनी मिळून घेतलेला पदर आहे. मीही भिंतीकडे वळले.

डॉक्टर पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा, ओठ पानानं लाल. टेबलावर पानाचा डबा. माझ्या आधी एक म्हातारा होता, त्याची बोटं वळलेली. तपासून, गोळ्या देऊन झाल्यावर डॉक्टरांनी डबा त्याच्यापुढे सरकवला. "कर बघू एक पान. चुनो कमी लाव रे, फाटल्या खेपेक तोंड भाजलास माझा." म्हाताऱ्यानं त्या वळलेल्या बोटांनी सावकाश चुना लावला, सुपारी घातली, विडा दुमडला. डॉक्टरांनी तो तोंडात टाकला आणि पुढच्याला बोलावलं. मी पदराखालचा हात आणखी आत ओढला. पडवीतलं कुणी वळूनही पाहिलं नाही, त्यांना ते रोजचं होतं.

माझं कार्ड पाहून डॉक्टर खूष झाले. "मुंबईहून? माझ्याकडे? ही उलटी गंगा कशी काय वाहिली?" मग ते गंभीर झाले. "डोळे मिटा. कापूस लावतो. लागला तिथे बोट ठेवा."

मी डोळे मिटले. बाहेर काजूंच्या झाडांत कसला तरी पक्षी ओरडत होता. कापूस लागेना. मला वाटलं, संपलं. महारोगाचा डाग बधिर असतो. त्यांनी लावला आहे आणि मला कळत नाही. आई, भाऊ, पट्टा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि मग अगदी डागाच्या मधोमध गुदगुली झाली. मी बोट ठेवलं. पुन्हा कडेला झाली, पुन्हा ठेवलं. "बरोबर," डॉक्टर म्हणाले. "आधी मी कापूस शोधत होतो, तुमच्या या मैत्रीणबाई त्यावर बसल्या होत्या."

मग त्यांनी विचारलं, कारखान्यात काय घालता? पांढरा डगला. धुतो कोण? कंपनीचा धोबी. खूण कशानं करतो? बिब्ब्यानं. कुठे? उजव्या बाहीच्या कडेला, बाहेरून.

"खूण बाहेरून असेल तर ती कातडीला लागणारच नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तुम्हालाच मनगटावर कशी?"

कुसुम ताडकन म्हणाली, "ही ठेंगणी आहे! बाह्या आत दुमडून घालते. ती दुमड मनगटावर घट्ट बसते!"

बिब्बा! साताऱ्याकडे लहानपणी बिब्बा उतलेला मी शंभरदा पाहिला असेन, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. कामावरून बसवलं तेव्हाच डाग उतरायला लागला असता. लिंबू आणि सोडा चोळून चोळून मीच तो ताजा ठेवला होता. डॉक्टरांनी एक मलम दिलं, बाकी सगळे लेप बंद केले आणि चिठ्ठीवर सही, शिक्का ठोकला. मग डबा माझ्यापुढे सरकवला. मी पान केलं. चुना जास्तच पडला. त्यांनी कुरकुर न करता खाल्लं.

परत गावात आलो तेव्हा बाजारात म्हशीवाली बाई भेटली. "अगे बाय, तू हंय खंय?" असं म्हणत तिनं जुन्या मैत्रिणीसारखं मला जवळ घेतलं आणि माझ्या पिशवीत केळ्यांची फणी कोंबली.

पुन्हा देवबाग

दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो. काकी चुलीपुढे होत्या. कुसुमनं सगळं एका दमात सांगितलं. डाग बिब्ब्याचा, रोग नाही, आणि शेवटी विजयानं, "आये, डॉक्टरांनी हिच्या हातचा पान खाल्ल्यानी!"

"तो सगळ्यांच्या हातचा खाता," काकी म्हणाल्या.

"तुका कसा म्हायती?"

काकींनी फुंकणी खाली ठेवली. "माझ्या हातचा पण खाल्ल्यान."

कुसुम चुलीपुढे त्यांच्या शेजारी बसली. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. कुसुम मुंबईला गेल्यावर त्यांच्या पाठीवर डाग उठला होता. नवऱ्याला सांगितलं नाही, शेजारी सांगितलं नाही. बाजाराची पिशवी घेऊन त्या एकट्या त्या फणसाखाली उतरल्या होत्या. गजकर्ण निघालं, मलमानं गेलं. पण तोवर त्यांनी स्वतःचं ताट स्वतःच वेगळं मांडलं होतं आणि दात दुखतो म्हणून सगळ्यांच्या आधी जेवून घेतलं होतं.

"माका सगळा म्हायती होता," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तरी भियालंय गो. तुझ्या हाताक नाय, गावाच्या तोंडाक."

मला राग होता, खरंच होता. पण त्या बाईनं एकटीनं त्या पडवीत भिंतीकडे तोंड करून काढलेला दिवस माझ्या डोळ्यांसमोर आला आणि राग धरून ठेवणं जमेना. मी म्हटलं, "काकी, भूक लागली." त्यांनी तिघींची ताटं शेजारी शेजारी मांडली.

सकाळी पुन्हा रापण लागली. मी मागच्यासारखीच लांब उभी राहिले. कुणी काही म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही असं मी ठरवलं होतं. काकी दोराला लागल्या होत्या. त्यांनी मान वळवली आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "गो सातारकरणी, बघतंस काय? हात लाव!"

मी दोन्ही हातांनी दोर धरला. तो ओला, खरखरीत दोर आणि पलीकडे सगळा समुद्र मागे ओढतोय. टाचा वाळूत रुतवायच्या, मागे रेलायचं, पुन्हा पुढे जाऊन धरायचं. माझ्यापुढे काकींची पाठ होती. जाळं वर आलं तेव्हा तारल्या आणि बांगडे चांदीसारखे उडत होते. वाळूवर वाटे मांडले गेले, आणि तांडेलानं, म्हणजे रापणीच्या म्होरक्यानं, न विचारता एक लहानसा वाटा माझ्या पायांशी ढकलला. मी तो पदरात घेतला. इतके दिवस पदराखाली हात होता, आता पदरात मासे! काकींनी घरी येताच खवणी माझ्यापुढे सरकवली. "खोबरा काढ. आणि बारीक काढ." मी खोबरं काढलं, जाड निघालं, म्हणून बोलणीही खाल्ली. इतकी गोड बोलणी मी आजवर खाल्ली नव्हती.

चिठ्ठी विम्याला चालली, जागाही परत मिळाली. आता माझ्या डगल्यावर खूण लाल दोऱ्याची आहे. पण शेवटी सांगायचं ते निघतानाचं.

मालवणच्या बंदरातून पडाव आगबोटीला भिडला. नावाडी तोच होता की दुसरा, मला सांगता यायचं नाही. तो शिडीपाशी उभा राहून एकेकाला वर चढवत होता. माझी पाळी आली, त्यानं हात पुढे केला आणि मी उजवा हात दिला. त्यानं धरला, मग जरा थबकून उलटा करून पाहिला. मनगटाकडे त्याचं लक्षही गेलं नाही. सोलवटलेला तळहात पाहून तो हसला.

"रापण वडलंस काय गो?"

"वडलंय!" मी म्हटलं आणि उडी मारली.